मोहाखालचा पाहुणा

मोहफुलांचा गोड, डोकं धरणारा वास आला की छप्पन साली राज्यं बदलली, आमचा चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सालचं आठवतं. आईजवळ राहायचं म्हणून मी जबलपूरची नोकरी सोडून चांद्याकडच्या आमच्या गावी कायमचा परतलो होतो. पण घरात मी पाहुणाच! खाट मला, तूप मला, कामाला हात लावला की आई म्हणे, "तू बस, थकला असशीन." शेवटी एका पहाटे टोपली उचलून वहिनीमागे मोह वेचायला गेलो, तेही पॅन्ट-बुटात. टोपली भरली, पण निम्मी पाल्यानं. आई अंगणातूनच कडाडली, "काऊन रे, बैलाले चारा आणला का? बस खाली, निवड सारं!" वहिनी तोंडाला पदर लावून हसली. उन्हात एकेक फूल निवडताना मलाही हसू आवरेना. मोह नीट वेचणं आजही जमत नाही, आणि घरचं कोणी त्यावरून बोललं की बरंच वाटतं.