साध्या टाकीतले मासे

किस्से म्हणजे टाकीच्या काचेवरचं शेवाळ. शनिवारी घासून काढा, सोमवारी पुन्हा हजर!

मी सोलापूरच्या एका कॉलेजातला जुना लॅब अटेंडंट. शिक्षण सातवी, तेही मास्तर दमले म्हणून! आमच्या मॅडम रोहू माशांना पिकांवरच्या फवाऱ्याचं औषध पाण्यातून देतात आणि त्यांच्या अंगात काय बिघडतं ते बघतात. एका टाकीत औषध, दुसरीत नुसतं पाणी. ती आमची ‘साधी टाकी’. तिथले मासे धडधाकट, त्यांच्याशी बाकीचे ताडून बघायचे.

*

पल्लवी नवीन आली, पीएचडी करणारी. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "पोरी, हितले मासे हाका मारत्यात!"

ती हसली. तेवढ्यात औषधाच्या टाकीतले सगळे मासे वर आले आणि तोंडं उघडमीट करायला लागले. आवाज काही नाही. पोरगी दारापर्यंत मागं सरकली!

"औषधानं गुदमरलेत," मॅडम म्हणाल्या, "हवा मागतायत."

*

केमिस्ट्रीच्या सरांच्या डब्यात एकदा मासा. मी विचारलं, "कुठल्या टाकीतला?"

घास हातातच. "मामा, बाजारातला आहे हो!"

"त्येच म्हणतो. बाजारातला कुठल्या टाकीतला?"

तेव्हापासून सर भाकरी आणि शेंगाचटणी खातात!

*

मॅडम शिकवत होत्या, "विषाशी झुंजताना मासा लिव्हरमधली साठवलेली साखर जाळतो. वरून ठणठणीत, आतून रिकामा."

"म्हणजे आपल्या प्राचार्यांसारखा!" मी म्हटलं.

मॅडम हसल्या. पल्लवी नाही. "मामा, माणसाचं पण असंच होत असेल का हो?"

"मला काय इचारतीस? मी सातवी!"

*

नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं मासे मरतात. म्हणून टेम्पोवाला सलीमभाई मंद्रूपजवळच्या आपल्या घरच्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणतो. थोडं साध्या टाकीत, थोडं आमच्या माठात. लई गोड पाणी!

परवा तो शिंकतच आला. अंगाला उग्र वास. म्हणाला, "बाजूच्या द्राक्षबागेत फवारणी चाललीय. विहिरीपर्यंत धुकं आलं बगा."

"बरं झालं की! आज डास चावायचे न्हाईत!"

सगळे खो खो हसलो. वर गारेगार पाणी प्यालो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅब उघडली. हवेचा पंप नीट चालू होता. आणि साध्या टाकीतले मासे वर आले होते. तोंडं उघडमीट, उघडमीट.

मॅडमनी थेट माझ्याकडं बघितलं. "मामा, यात औषध टाकलंत? ही काय चेष्टा झाली?"

"आईशप्पत मॅडम, म्या न्हाई!"

जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होतो, तर कुणी विश्वास ठेवेना!

"मग यात गेलं काय?"

पल्लवी हळूच म्हणाली, "सलीमभाईंचं पाणी. बाकी काहीच नाही."

सलीमभाई नवा कॅन खांद्यावर घेऊन दारातच उभा. त्यानं कॅन खाली ठेवला, घरी फोन लावला.

"अम्मी, बावडी का पानी नक्को पियो... नक्को बोल्या ना... क्या? कौन कौन पिये?"

माठावरचा पेला अजून ओला होता.