फणसाचा पाट

आमच्या मजल्यावरच्या निम्म्या घरांची कपाटं राजारामकाकांनी केलेली आहेत. दार नीट लागेनासं झालं की अजूनही कुणीतरी त्यांनाच हाक मारतं आणि मग जीभ चावतं. कारण गेल्या वर्षी गणपती विसर्जन करून घरी आल्या आल्या काकांना अर्धांगाचा झटका आला, आणि उजवा हात कामातून गेला. आता चहाचा कप धरला तरी अर्धा बशीत.

त्या हातानं केलेली एकच वस्तू त्यांच्या स्वतःच्या घरात आहे, गणपतीचा पाट. लग्नाच्या वर्षी गावाहून आणलेल्या फणसाच्या फळीचा. त्यांच्या घरात मूर्ती तयार आणून पाटावर बसवत नाहीत. घरचा पाट मूर्तिकाराकडे द्यायचा, मूर्ती त्याच्यावरच घडते. विसर्जनानंतर पाट मूठभर वाळू घेऊन घरी येतो, सावलीत सुकतो, तेल पितो आणि माळ्यावर जातो. हे सगळं काकाच करायचे.

यंदा पाट द्यायचे दिवस आले तसं विमलाकाकूंनी मला बोलावलं. "चढ गं माळ्यावर. माझे गुडघे ऐकत नाहीत."

पाट दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत होता, सुतळीनं करकचून बांधलेला. पिशवी उघडली तर ओल्या पालापाचोळ्याचा वास. एका कोपऱ्यावर पांढरीशुभ्र बुरशी, पिंजलेल्या कापसासारखी. काकूंनी बोट टेकवलं. लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं दबलं.

काकू खालीच बसल्या. "ह्यांना हॉस्पिटलात नेलेलं ना तेव्हा. पाट ओलाच होता. म्हटलं, माळा गळतो, पाणी नको लागायला. मीच बांधला गं." मग आतल्या खोलीकडे बघून हळू आवाजात, "त्यांना कळू देऊ नकोस. आता त्या हातानं दुसरा होणार नाही."

काकूंनी फडकं घेतलं आणि बुरशी पुसायला वाकल्या, तेवढ्यात दारातून किंकाळी.

"आई! हात लावू नको!"

ही त्यांची मुलगी श्रुतिका. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत काम करते, भाताच्या पेंढ्यापासून गाडीचं इंधन करायचं. चपला न काढताच ती पाटाशी गुडघे टेकून बसली.

"कसली भारी वाढलीय! वर्षभर मी नॅशनल पार्कातली कुजकी लाकडं हुंगतेय, आणि ही घरात बसलीय?"

"झकास वाटतंय तुला? बापाच्या हातचं लाकूड खाल्लंय तिनं!"

"तेच तर ना, आई! फणस खाल्लाय!"

"हळू बोल, मेली!"

पण आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाला होता. काका भिंतीला धरत धरत दारात आले. "काय झाला गो?"

काकूंनी पदरानं पाट झाकायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यानं पाट कुठे झाकतोय.

"बघू दे माका."

काका खुर्चीत बसले. डाव्या हाताच्या बोटानं पाटावर टकटक करत गेले. टणक, टणक, टणक, मग थप्प. तिथे थांबले.

"फणसाक सहज काय लागणा नाय. हिचे दात बरे असत."

"मी बांधला ओला," काकू म्हणाल्या. "पिशवीत. मीच."

काका श्रुतिकेकडे वळले. "ही तुका कशाक होयी?"

"बाबा, पेंढ्यात साखर असते, पण कुलुपात. लाकडातही तसंच. अशी बुरशी ते कुलूप खाते. मग साखर सुटते, साखरेचं अल्कोहोल होतं, ते पेट्रोलात मिसळतात."

"म्हणजे दारूच."

"इंधन, बाबा!"

"पेंढ्याची दारू. गावात सांगू नको, गुरां उपाशी रवतली."

काकूंना हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "करवत आण."

"अहो, तुमचा हात…"

"तुझो खंय गेलो?"

करवत आली. काकांनी डाव्या हातानं थप्प वाजलेल्या जागेच्या चार बोटं अलीकडे पेन्सिलीची रेघ मारली. ती थरथरतच उमटली. मी पाट दाबून धरला. काकांचा डावा हात मुठीवर, त्यावर काकूंचा. दोघं ओढत, थांबत, पुन्हा ओढत होती.

"वाकडा कापलंस गो."

"ओढताय तुम्हीच वाकडं!"

"दम घे. लाकूड खंय पळता नाय."

कोपरा सुटून खाली पडला. श्रुतिकेनं तो कागदात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा उचलला आणि आल्या पावली अंधेरीला निघाली. काकू म्हणाल्या, "जेवून तरी जा!" ती जिन्यात पोचली होती.

पाट आठवडाभर गॅलरीत सुकला. काका खुर्चीत बसून डाव्या हातानं त्याला तेल चोळायचे. श्रुतिका घरी आली की काकांचा पहिला प्रश्न, "जेवली काय ती?" बुरशीनं पेंढा धरला होता. साखर फार सुटत नव्हती अजून, पण सुटत होती.

मग काका, काकू आणि मी पाट घेऊन गणपतीच्या कारखान्यात गेलो. मूर्तिकार भाऊंनी पाट फिरवून बघितला. कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला.

"ह्याच्यावर मूर्ती लहानच बसेल हां, काका. आणि हे कुणी कापलं? सुतार नवा दिसतो."

काकांनी मान वळवून काकूंकडे बोट केलं.

"ही. शिकता हा अजून."

काकूंनी त्यांच्या दंडावर चापट मारली, पाट कपाळाला लावला आणि भाऊंच्या हातात दिला.