लाल पापड

आज पापड तेलात टाकला तर फुलला खरा, पण लाल झाला आणि कडवट लागला. पीठ मळताना विचारांच्या नादात माझ्या हातून पापडखार दोनदा पडला होता. इतकी वर्षं मी तो चिमटीने घालते, कधी चुकले नव्हते.

माझ्या शालूला केमिकल इंजिनिअरिंगला जायचंय. फीसाठी घरामागची जागा विकावी लागेल. काल शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या सुधीरने तेच शिक्षण घेतलं ना. पगार खोलीभाड्यात आणि मेसमध्येच संपतो. तुम्ही तर मुलीला कारखान्यात रात्रपाळीला धाडणार." मी नुसती हसले. मला उलट बोलता येत नाही.

जागेच्या किमतीइतकं शालू कधी कमवेल, याचा अंदाज चिमटीत येत नाही. पण खाराने पीठ का बदलतं हे ती मला समजावत होती, तेव्हा तिचा चेहरा किती उजळला होता.

लाल पापड पाहून ती हळूच म्हणाली, "माझ्याच विचारात होतीस ना, आई? नको भरूया फॉर्म."

मी दुसरा पापड तेलात सोडला. पीठ तेच होतं, तरी तो पांढरा निघेल म्हणून आम्ही दोघी कढईत बघत राहिलो.