उकंडरावांचा तांब्या आणि विलायती कमानी

उकंडराव मला पहिल्यांदा भेटले ते जमिनीतून उगवून. माझ्या जुन्या जीपची मागची कमान तुटली होती आणि मी दुसरबीडला रस्त्याकडेच्या त्यांच्या भट्टीसमोर उभा होतो. आतून घणाचा असा दणका ऐकू आला, की पंचक्रोशीतल्या म्हशींनी त्या दिवशी दूध दिलं नसेल. मग एका ट्रकखालून आधी मिशी बाहेर आली. ती पुरती बाहेर यायला दोन मिनिटं लागली. तिच्यामागून सहा फुटांचा काळाकभिन्न माणूस निघाला. जीपकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मला विचारलं, "याच्या आंधी कमान कोनाकडून करून घेतली व्हती?"

मी मेहकरच्या एका कारागिराचं नाव सांगितलं. उकंडरावांच्या डोळ्यांत जो जाळ उठला, त्यावर कमानीचे दोन पाटे सहज तापले असते.

पाटे भट्टीत लाल करायचे, घणाने ठोकून त्यांना पुन्हा बाक द्यायचा, हा त्यांचा धंदा. आणि जळणं हा जोडधंदा. शेजारच्या वेल्डरने नवा बोर्ड लावला, तेव्हा ते दोन महिने मान उलटीकडे वळवून चालत होते. आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर अर्जुनराव वारले, तर त्यांच्या मयतीची गर्दी पाहून माझ्या कानाशी लागले, "मास्तर, माह्या मयतीले इतके येतीन का हो?" मेलेल्या माणसावर जळणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही.

पण हात सोन्याचा. आणि कामाची परीक्षाही त्यांची स्वतःची. कमान बसवली की काठोकाठ भरलेला पितळी तांब्या गाडीत ठेवायचा, पुढच्या सात गतिरोधकांवरून गाडी फिरवून आणायची आणि उरलेलं पाणी गिऱ्हाइकाला दाखवायचं. निम्मा तांब्या उरला तरी ट्रकवाले हात जोडत.

अशा माणसाच्या दारात एका सकाळी मेहकरचे डॉक्टर रमाकांत आपली लाल गाडी घेऊन आले. एकाहत्तर सालची, विलायती, दोनच माणसांची, टपाचा पत्ता नाही. मागून ती इतकी बसली होती, की गाडी उकिडवी बसून कोणाची तरी वाट पाहतेय असं वाटे. उकंडराव वाकले, खाली डोकावले आणि नवी सून घरात यावी तसे फुलले.

"ट्रकसारख्याच पाट्याच्या कमानी हायेत हो हिले! पार सपाट झाल्या. भट्टी लावतो आत्ताच."

"नाही, नाही," डॉक्टर म्हणाले. "नव्या मागवल्यात. जास्त चांगल्या. तुम्ही फक्त बसवून द्या."

त्यांनी डिक्की उघडली. आत तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन काळ्याभोर, तुकतुकीत कमानी निजल्या होत्या. थेट इंग्लंडहून आलेल्या.

उकंडरावांचा चेहरा पाहवेना. दारात सवत आणून उभी केली आणि वर तिची ओटी भरायला सांगितली, असं ते दुःख होतं. चाळीस वर्षांत त्यांच्या भट्टीत तयार कमान कोणी आणली नव्हती.

"बसवतो," ते म्हणाले. "पन आंधी माह्या बसवीन. मंग ह्या. तांब्या सांगन ते खरं."

डॉक्टर सज्जन, शिवाय तांब्याची कीर्ती त्यांनी ऐकली होती. ते हो म्हणाले.

उकंडरावांनी चार दिवस घण घातला. त्या गाडीखाली आपलीच कमान असली पाहिजे, याशिवाय त्यांना जगात दुसरं काही नको होतं. जेवताना म्हणत, "तिचा बाक पाह्यला का तुमी?" त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई म्हणत, "कोनाचा बाक? गुमान भाजी खा."

पण सवय वाईट. दुसरबीडात गाडी म्हणजे ओझं. उकंडरावांनी नेहमीप्रमाणे डिक्कीत सोयाबीनची दोन पोती कोंबून बाक जुळवला. पोती काढली, तेव्हा गाडीचा मागचा भाग असा वर गेला, की ती रस्त्याला साष्टांग नमस्कार घालतेय असं वाटलं. सात गतिरोधकांनंतर डॉक्टरांच्या मांडीवरच्या तांब्यात घोटभर पाणी उरलं. बाकीचं डॉक्टरांच्या पँटवर होतं.

"दोन पोते टाका, मंग पाहा मजा!" उकंडराव म्हणाले.

"उकंडराव, मला सोयाबीन न्यायचं नाही."

"मंग गाडी काऊन घेतली?"

डॉक्टर रुमालाने पँट पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी विलायती कमानी चढल्या. एकाही नटाचा एक आटासुद्धा उकंडरावांनी ढिला सोडला नाही, हे मी पाहिलंय. तांब्या मात्र "मीच धरीन" म्हणाले. गुडघे कानाला लावून ते गाडी चालवणाऱ्या डॉक्टरांशेजारी बसले. अर्ध्या तासाने परत आले, खाली उतरले आणि सगळ्यांसमोर तांब्या उलटा केला. थेंब नाही.

"पाहा! सारं सांडलं. हे इंग्लंड!"

डॉक्टर गोंधळून आपल्या पँटकडे पाहत होते. कोरडी. सीट कोरडी. उकंडरावांचं धोतरही कोरडं. अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, मिशी पुसा."

चहाच्या टपरीपर्यंत हशा गेला. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. "ऊन होतं, तहान लागली असेल," म्हणाले. "या कमानी बसून सपाट झाल्या ना, की पुढच्या तुमच्याच."

संध्याकाळी उकंडराव विझत्या भट्टीपाशी मला म्हणाले, "मास्तर, पाच ब्रेकरपर्यंत थेंब नाही सांडला हो. मले पाहवलंच नाही."

त्यानंतर सहा वर्षं ती गाडी रस्त्याने गेली, की ते हातातलं काम टाकून तिच्या मागच्या चाकांकडे पाहत. "बसली थोडी," म्हणत. मेहकरहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "डॉक्टरची गाडी दिसली का? बसली का?" स्वतःच्या दोन कमानींना दर पोळ्याला तेल लावत.

गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी गाडी पुण्याच्या एका माणसाला विकली. ती बोटभरही बसली नव्हती. उकंडरावांच्या कमानी दुकानात पाण्याच्या माठाखाली ठेवल्या आहेत.