विहिरीतून आलेला धूर

मित्रांनो, अजून अंगावर काटा आहे, तरी लिहिते.

आज आमच्या दांडिया बाजारच्या गल्लीत गटाराची गळती शोधायला कामगार आले. मॅनहोलमधून गटाराच्या पाइपात पंख्याने धूर सोडला. पाइप फुटलेला असेल तिथून तो वर येणार होता. रस्त्यावर काहीच दिसेना.

शेजारच्या मालूकाकूंनी हाक मारली, "अगं, आमच्या विहिरीत बघ."

दगडांच्या फटींतून पांढरा धूर निघून पाण्यावर पसरत होता. अजिबात आवाज नव्हता.

"गभराशो नहीं, आ तो धुमाडो छे," घाबरू नका, नुसता धूर आहे, असं गुजरातीत म्हणत कामगार डोकावला आणि मागे वळून त्याने पंखा बंद करायला सांगितलं.

काकूंकडे हेच पाणी पितात. नातीचं पोट महिनाभर बिघडलंय. काकूंनी माठ उचलून मोरीत ओतला. मोरीचं पाणी त्याच गटारात जातं, हे आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं.

तुमच्याकडे कोणी अजून विहिरीचं पाणी पितं का?