तीन टक्के

"चिमूटभर मीठ म्हणजे किती ग्रॅम?" असं विचारणारी बाई म्हणून शुभा वझलवार अमेरिकेतल्या डब्लिनच्या मराठी मंडळींत ठाऊक होती. लोक हसत, तिला त्याचं काही नव्हतं. कॅन्सरच्या दवाखान्यात ती फिजिसिस्ट होती आणि तिथं चिमूटभर चालत नाही. तिचं मशीन तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सोडी, तांब्याच्या नळीतून त्यांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवी आणि चुंबकानं वळवून रुग्णाच्या अंगावर उतरवी. हा झोत, म्हणजे बीम, डॉक्टर सांगतील तेवढाच उतरतो ना, हे बघणं शुभाचं काम.

म्हणूनच जुन्या मैत्रिणीला, राधिकाला, छातीचा कॅन्सर निघाला तेव्हा ती ठणकावून म्हणाली, "दुसरीकडे कुठेही जायचं नाही. माझ्या मशीनवर ये. बीम मी स्वतः मोजते."

ऑगस्टमध्ये राधिका आली. पंचवीस डोस झाले, ट्रीटमेंट संपली, पण छातीवरची जखम काही भरेना. शुभा दर शनिवारी तिच्याकडे जेवणाचा डबा पोचवायची आणि आधीचा परत आणायची. अंगात त्राण नसतानाही राधिकानं तो कधी रिकामा दिला नाही. काही नाही तर चार बदाम तरी घालायची.

नोव्हेंबरात दुरुस्तीला गेलेला बॅरोमीटर परत आला. बीम मोजायचा तर हवेचा दाब माहीत लागतो, कारण माप घेणाऱ्या कुपीत हवाच असते. जूनमध्ये बॅरोमीटर नव्हता, म्हणून शुभानं दाबाचा आकडा विमानतळाच्या वेबसाइटवरून घेतला होता. आता बॅरोमीटर भलताच कमी आकडा दाखवू लागला.

"बिघडलेलाच धाडला मेल्यांनी!" ती करवादली. आणि मग तिनं जूनची नोंद काढून बघितली. विमानतळ दाब सांगतो तो समुद्रसपाटीवरचा, हिशेब करून काढलेला. डब्लिन समुद्रापासून चांगलं आठ-नऊशे फूट वर. जूनमध्ये त्या जास्तीच्या आकड्यामुळे बीम कमी पडतोय असं समजून तिनं तो वाढवला होता. पाच महिने प्रत्येकाला तीन टक्के जास्त.

तिनं मुकाट्यानं बीम खाली आणला आणि दोन दिवस तोंड शिवून बसली. तीन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं स्वतःला बजावत राहिली. मिठाचे ग्रॅम विचारणारी बाई!

शनिवारी ड्रेसिंग बदलता बदलता राधिका म्हणाली, "तू मोजलंस म्हणून बरं यार. दुसरं कुणी असतं तर माझं काय झालं असतं!"

शुभाला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं.

राधिकानं हातातली पट्टी खाली ठेवली. "त्यामुळेच भरत नाहीये का?"

"माहीत नाही. तसंही होतं काहींचं. कधीच कळणार नाही."

"अजून किती जण?"

"चाळीस. सोमवारी रिपोर्ट करते, मग सगळ्यांना पत्रं जातील."

"म्हणजे अजून केला नाहीस."



सोमवारी तिनं रिपोर्ट केला. मशीन बंद झालं, तिला सुटीवर धाडलं. एवढ्यानं जखम भरायची अडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिला त्यानं काडीचंही बरं वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी वरण करताना मीठ हातात घेऊन ती कितीतरी वेळ उभी राहिली. राधिकाच्या घरी तिच्या लेकीनं, अनयानं, दार उघडलं.

"मॉम इज रेस्टिंग, मावशी," म्हणत तिनं डब्यांची अदलाबदल केली आणि दार लावून घेतलं.

गाडीत बसून शुभानं सवयीनं झाकण काढलं. डबा स्वच्छ घासलेला होता. आत काही नव्हतं.