सात बेटं आणि तिसरा मजला

सात बेटं, अकरा दिवस. प्रवास संपवून सकाळीच घरी परतलेल्या कंडक्टरबाईंनी बॅगेतले कपडे धुऊन दोरीवर टाकायला घेतले. मुलगा आणि लेक अजून आपापल्या घरी का गेले नाहीत, हे त्यांना न विचारताच कळलं होतं.

बाई म्हणजे साधीसुधी असामी नव्हे. एकतीस वर्षं शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडली, आणि तीही दांड्याला हात न लावता. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात सुटे पैसे, मग दांडा धरणार कशाने? पाय फाकवून, गुडघे जरा सैल सोडून उभं राहायचं, बसला काय हवे ते गचके खाऊ दे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना कंडक्टरबाईच म्हणतात.

पण गेल्या थंडीत बाई न्हाणीघरात घसरल्या आणि तासभर तशाच पडून राहिल्या. शेजारणीने दार वाजवलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मुलांनी एकच धोशा लावला होता, की तिसऱ्या मजल्यावरचं हे घर विकायचं आणि आईने लेकीकडे राहायला जायचं. बाई हो म्हणेनात आणि भांडेनातही. मग लेकीने ही सहल काढली. "एकदम निवांत आहे गं आई. एका बेटावर दीड-दोन दिवस, मग छोट्या बोटीने पुढचं."

चौथ्या बेटावर बाई खोलीत पडल्या होत्या आणि पोरं बाहेर व्हरांड्यात. मुलगा बहिणीला म्हणत होता, "बघू ना तिला कितपत झेपतंय. परत गेल्यावर घराचं काय ते ठरवू."

घ्या, म्हणजे सहल कसली, परीक्षाच चालली होती. बाईंचं डोकं असं सणकलं म्हणता! पण एकतीस वर्षं सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारे पाहिले होते, जिभेला लगाम घालायची सवय होती.

पुढच्या बेटाहून निघताना वारा सुटला. बोट अशी हेलकावे खायला लागली की लेक पांढरीफटक पडली आणि मुलगा कठड्याला चिकटला तो चिकटलाच. बाई मात्र मधल्या वाटेत हात मोकळे सोडून उभ्या, सगळ्यांना लिंबाच्या फोडी वाटत. सवयीने तोंडातून निघूनही गेलं, "चला, पुढे सरका." खलाशाने विचारलं, "आजी, समुद्रावर कामाला होतात का?"

"नाही बाबा, रस्त्यावर," बाई म्हणाल्या. त्या दिवशी स्वारी मनातून इतकी खूश होती की विचारू नका. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, आणि बाईंनी ती पोटभर बघून घेतली.

शेवटचा टॉवेल दोरीवर पडला तसा मुलगा घसा खाकरून म्हणाला, "आई, आम्ही हरलो बुवा. राहा तू इथेच."

इथे गप्प बसल्या असत्या तर काम फत्ते होतं. पण ज्या बाईने फुकट्या प्रवाशाला कधी सोडलं नाही, ती स्वतःला बरी सोडेल?

"सहाव्या बेटावर मी पडले होते," त्या म्हणाल्या. "पहाटे फिरायला गेले तेव्हा. पायऱ्यांवर शेवाळ होतं."

लेक ताडकन उभी राहिली. "आणि हे आत्ता सांगतेस? बस झालं. तू माझ्याकडे येतेस."

"कुणी उठवलं तुला?" मुलाने विचारलं.

"कुणी कशाला उठवायला हवं? न्हाणीघरात पडले तेव्हा उठायचं कसं तेच कळेना. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. तेव्हापासून रोज सकाळी इथे, या फरशीवर आडवी होते आणि उठते. पडणं काही माझ्या हातात नाही रे. उठणं आहे, ते शिकले."

आणि बाई खरंच खाली बसल्या, बसल्या त्या उताण्या झोपल्या. मग कुशीवर वळल्या. कोपरावर भार दिला, गुडघा पोटाशी घेतला, हात खुर्चीकडे नेला. गुडघा कटकन वाजला तशी लेक धावली.

भावाने तिचं मनगट धरलं.

"थांब," तो म्हणाला. "उठू दे तिला."

बाई सावकाश उठल्या.